कलश मार्का

अडतीच्या धंद्यात मालाच्या आधी मार्का ओळखला जातो. पोत्याचे तोंड शिवलेले असते, आतली हळद कोणी पाहिलेली नसते. तरीही दूरच्या पेठेतला व्यापारी पोत्यावरचा शाईचा ठसा पाहून भाव बोलतो. हा ठसा उमटवण्याचे साधन अगदी साधे असे. पत्र्याचा एक चौकोनी तुकडा, त्यात छिन्नीने कोरून काढलेली आकृती आणि खाली पेढीचे नाव. पत्रा बारदानावर दाबून धरायचा, शाईचा ब्रश वरून फिरवायचा आणि पत्रा अलगद उचलायचा. अक्षरओळख नसलेल्या हमालालाही कोणती थप्पी कोणाची, हे त्या आकृतीवरून उमगत असे.

सांगलीतल्या एका जैन घराण्याचा मार्का कलशाचा आहे. फुगीर पोटाचा कलश, त्याच्या मुखाशी पाच आम्रपर्णे, वर नारळ आणि खाली वळणदार बैठक. हरिपूरच्या पेवांतून वर काढलेली हळद पोत्यांत भरली जाई, त्या दिवसांपासून तो चालत आला. पुढे घराण्याच्या वाटण्या झाल्या. थोरल्या बंधूंकडे हळद राहिली, धाकट्यांकडे गूळ गेला. गाळे, भांडी, येणी, देणी यांची मोजदाद झाली. कलशाची वाटणी कशी करावी हे मात्र कोणालाच सुचले नाही, आणि तो दोन्ही पेढ्यांच्या पोत्यांवर तसाच उमटत राहिला. दोन घरांत बोलणे उरले ते लग्नाच्या आमंत्रणापुरते आणि सुतकापुरते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी पेठेत शिरले, तेव्हा थोरल्या पेढीतली कागदपत्रे गेली. लेबलांचे जुने गठ्ठे, छपाईचा ब्लॉक, पत्रव्यवहाराच्या फायली यांचा लगदा झाला. पत्रा तेवढा वाचला, पण त्यालाही पुढे गंज चढला. आणि नेमक्या याच सुमारास नव्या पिढीने हळदपूड छोट्या पाकिटांतून विकायचे ठरवले. पाकिटे छापणाऱ्या कारखान्याने पहिल्याच फोनवर मागणी केली : मार्क्याची व्हेक्टर फाईल पाठवा.

घरच्या सूनबाईंना हा शब्द नवा नव्हता. लग्नापूर्वी त्या एका छापखान्यात कोरलड्रॉवर बसत. सासरी आल्यावरही लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डे, पर्युषणातील कार्यक्रमपत्रिका ही कामे त्या घरबसल्या करीत. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, या कामाचे कौतुक होते. पण व्हेक्टर म्हणजे काय, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. आता विचारले. सूनबाईंनी सांगितलेले उत्तर त्यांना पटकन कळले, कारण ते पाढ्यांचे होते. फोनने काढलेले छायाचित्र म्हणजे लिहून ठेवलेला पाढा. तो जिथे संपतो तिथे संपतो. असंख्य बारीक चौकटींत एकेक रंग भरून ते तयार होते, आणि मोठे केले की त्या चौकटीच दिसू लागतात. व्हेक्टर म्हणजे पाढ्याची रीत. रेषा कोठून निघते, कोठे जाते आणि वाटेत कशी वळते, एवढेच त्यात नोंदलेले असते. मग आकृती दोन सेंटिमीटरच्या पाकिटावर घ्या किंवा गोदामाच्या भिंतीवर घ्या, संगणक ती नव्याने आखतो आणि काठ तितकाच स्वच्छ राहतो.

पहिला प्रयत्न सूनबाईंनी घाईत केला. पत्रा स्कॅनरवर ठेवला आणि आलेले चित्र आपोआप रेखून देणाऱ्या आज्ञेच्या हवाली केले. ट्रेस करणे म्हणतात ते हेच. क्षणात कलश तयार झाला. लांबून पाहता तो हुबेहूब होता. जवळ जाता मात्र गंजाचा प्रत्येक खवला, ब्रशच्या वाळलेल्या शाईचा प्रत्येक थेंब त्याच्या काठावर इमानाने उतरला होता. एका कलशासाठी अकराशेच्या वर नोड पडले होते. नोड म्हणजे रेषेवरचा तो बिंदू, जिथे तिला नवी सूचना दिली जाते. यंत्राला पत्र्याचा काठ आणि पत्र्याचा गंज यांतला भेद ठाऊक नसतो. जे दिसते ते सारे त्याच्या लेखी सारखेच मोलाचे. हीच फाईल गाडीवर स्टिकर लावण्यासाठी रेडियमवाल्याकडे गेली, तेव्हा कटिंग प्लॉटरचे पाते प्रत्येक नोडपाशी अडखळू लागले आणि कलशाचे पोट करवतीने कापल्यासारखे निघाले. रेडियमवाला अनुभवी होता. त्याने पैसे घेतले नाहीत, पण फाईल परत दिली.

हातानेच काढायला हवे, हे ठरले. व्हेक्टरमधला हात मात्र कागदावरच्या हातासारखा चालत नाही. तेथे रेषा ओढायची नसते, तिला लगाम घालायचा असतो. वळणाच्या दोन टोकांना दोन बिंदू ठेवायचे; प्रत्येक बिंदूतून एक अदृश्य दांडी बाहेर निघते, तिला हँडल म्हणतात. बैलाच्या कासऱ्यासारखे तिचे काम. ती ज्या दिशेला ताणावी त्या दिशेने रेषा बिंदूतून बाहेर पडते, आणि जितकी लांब ताणावी तितका वेळ त्या दिशेची ओढ टिकते. दोन बिंदू आणि दोन हँडल, एवढ्यावर एक संपूर्ण वळण उभे राहते.

या वळणांची विद्या चित्रकारांनी काढलेली नाही, ती मोटारगाड्यांच्या कारखान्यांत जन्मली. गाडीच्या पत्र्याचा बाक कारागिराच्या डोळ्यावर न सोडता यंत्राला आकड्यांत कसा सांगावा, हा फ्रान्समधल्या कारखानदारांपुढचा प्रश्न होता. सिट्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्झो या गणितज्ञाने १९५९ मध्ये त्याचे उत्तर शोधले. कंपनीने ते वर्षानुवर्षे गुपित ठेवले. रेनो कंपनीतले अभियंते पियरे बेझिए स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचले, त्यांनी आपले काम जगापुढे मांडले, आणि वळणाला नाव पडले ते बेझियर. धंद्याचे गुपित जपण्याची किंमत कधी कधी अशीही मोजावी लागते. पुढे अडोबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेने हेच वळण स्वीकारले, १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आणि १९८९ मध्ये कॅनडातून कोरलड्रॉ बाजारात आले, आणि मोटारीच्या बॉनेटसाठी योजलेला बाक लग्नपत्रिकेवरच्या गणपतीच्या सोंडेपर्यंत येऊन पोचला.

या विद्येची एक मौज अशी की, तिला खरे वर्तुळ काढता येत नाही. चार बिंदूंनी काढलेले बेझियर वर्तुळ खऱ्या वर्तुळाच्या इतके जवळ असते, की एक मीटर त्रिज्येवरही चूक जास्तीत जास्त पाव मिलिमीटरच्या किंचित पुढे जाते. रंगाऱ्याच्या कुंचल्याच्या एका केसात ती सहज लपते. पण असते.

सूनबाईंनी कलश चांगल्या रीतीने काढायला घेतला. छापखान्यात शिकवलेला नियम त्यांच्या बोटांत होता : बिंदू मनाला येतील तेथे ठेवू नयेत, आकृती जेथे सर्वांत डावीकडे, सर्वांत उजवीकडे, सर्वांत वर आणि सर्वांत खाली जाते, तेथे ठेवावेत. दुसराही एक नियम होता. समांग वस्तूचा अर्धाच भाग काढावा आणि आरशातल्यासारखा उलटून दुसऱ्या बाजूस जोडावा. वेळ वाचतो आणि तोल चुकत नाही. अर्धा कलश निघाला, उलटला, जोडला. मुखाशी पाने बसवली, वर नारळ ठेवला. काठ काचेसारखे गुळगुळीत होते. अण्णांना पडद्यासमोर बोलावण्यात आले.

अण्णा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "छान आहे. पण हा भांड्यांच्या दुकानातला कलश आहे, पोरी. आपला नव्हे."

काय चुकले, ते त्यांना सांगता येईना. साठ वर्षे एक आकृती डोळ्यांखालून गेली की ती ओळखता येते, वर्णन करता येत नाही. रोज भेटणाऱ्या माणसाच्या भुवया कशा आहेत, हे तरी किती जणांना सांगता येईल? सूनबाईंनी पत्र्याचे स्कॅन फिके करून खाली घातले आणि आपली रेघ वर ठेवली. तेव्हा दिसले. पत्र्यातल्या कलशाचे डावे पोट उजव्याहून स्पष्टपणे भरलेले होते, आणि वरचा नारळ सरळ नव्हता, उजवीकडे किंचित झुकलेला होता. नारळ सरळ केला की डावी बाजू जड भासे. पोट समान केले की झुकलेला नारळ कलश पाडील असे वाटे. दोन्ही एकमेकांना सावरून धरत होते. ज्या कोणी मूळ कागदावर ही आकृती काढली, त्याला ठाऊक होते तो काय करीत आहे.

पण मग सगळेच वाकडेपण राखावे काय? बैठकीच्या उजव्या टोकाला एक खाच होती. एका पानाचे टोक तुटके होते. कंगोऱ्यांपैकी एक जाड, एक बारीक. यांतले कोणते मार्क्याचे आणि कोणते काळाचे? जुनी आकृती नव्याने काढणाऱ्या माणसापुढचा खरा प्रश्न हाच असतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याचे उत्तर देणारे साधन नाही. येथे पाकिटाच्या छपाईचा व्यवहारही ध्यानात घ्यायला हवा. अशी पाकिटे बहुधा कोरलेल्या सिलिंडरवरून छापतात, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, आणि तो एकदा कोरला गेला की आतली चूक खोडरबराने पुसता येत नाही. शिवाय मार्का नोंदणीकृत. नोंदलेल्या चिन्हात त्याची ओळख मूलतः बदलणार नाही, एवढाच फेरफार कायदा मान्य करतो. नोंदणीचे नूतनीकरण दर १० वर्षांनी करावे लागते ते वेगळेच. म्हणजे खाच ठेवायची की भरायची, हा नुसता सौंदर्याचा विषय नव्हता.

सूनबाईंनी पुरावे गोळा केले. माळ्यावर शेगडीखाली घालायला ठेवलेला बारदानाचा एक तुकडा निघाला, त्यावर अर्धवट का होईना, ठसा होता. वकिलांच्या दप्तरातून नोंदणीच्या प्रमाणपत्राची छायाप्रत आली. पत्रा, बारदान आणि कागद, अशा तीन साक्षी झाल्या. तिन्हींत जे सारखे, ते मार्क्याचे. एकाच ठिकाणी जे दिसते, ते त्या वस्तूचे दुखणे, असा त्यांनी ठोकताळा धरला. जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहणारे पंडित याहून वेगळे काय करतात? बैठकीची खाच फक्त पत्र्यात होती, ती भरली. बारदानावरच्या काठांची पसरट लव शाईची होती, ती सोडली. डावे पोट आणि झुकता नारळ तिन्हींत होता, तो राहिला.

अडले ते पानाशी. पाच पानांतले उजवीकडचे शेवटचे पान पत्र्यात आखूड होते. बारदानावर नेमका तोच कोपरा फाटलेला, आणि छायाप्रतीत तेथे काळा डाग. पान मुळातच आखूड काढलेले होते, की पत्र्याचे टोक गंजून तुटले होते? तीन साक्षींपैकी दोन मुक्या होत्या. चौथी साक्ष होती, पण ती गुळाच्या पेढीत होती. वाटणीच्या आधी एकाच कागदावरून दोन पत्रे कापले होते, हे अण्णांना आठवत होते.

दोन दिवस त्या पानाविषयी घरात कोणी बोलले नाही. सूनबाईंनी मधल्या वेळात अक्षरांचे काम उरकले, आणि तेही सोपे नव्हते. पत्र्यात कोरलेल्या देवनागरी अक्षराला एक जन्मजात अडचण असते : व, ब, ष अशा अक्षरांचे पोट बंद असते, आणि ते तसेच कापले तर आतला तुकडा गळून पडतो. म्हणून कारागीर पोटातून बाहेरपर्यंत पत्र्याची एक बारीक पट्टी शिल्लक ठेवतो. ठशात ती अक्षराला पडलेल्या चिरेसारखी दिसते. पाकिटावर छापताना या पट्टीची काही गरज नाही. तरी तिच्यावाचून पेढीचे नाव परके वाटू लागले. शेवटी दोन फायली झाल्या. बारीक छपाईसाठी भरलेली अक्षरे, कारण तेवढ्या लहान आकारात चीर बुजून नुसता डाग उरला असता. आणि पोती व भिंत यांसाठी चिरांसकट. रेषांच्या जाडीचेही तसेच. बाह्यरेषा आकाराबरोबर लहान-मोठी व्हावी, ही सूचना फाईलला द्यायची राहिली, तर भिंतीवर तारेसारखी दिसणारी रेघ पाकिटावर दोरखंडासारखी होते. म्हणून सूनबाईंनी सर्व रेषांचे भरीव आकार करून टाकले. एकमेकांवर चढलेले आकार वेल्ड करून एकसंध केले, नाहीतर रेडियमचे पाते आतल्या लपलेल्या कडाही कापीत बसते. अक्षरे कर्व्ह केली. हा शब्द छापखान्यांत रोजचा आहे. फॉन्ट समोरच्याच्या संगणकावर नसेल तर नावाचे भलतेच काही उमटते, म्हणून अक्षराचे अक्षरपण काढून त्याची आकृती करतात. त्यानंतर मात्र वेलांटी चुकली असली तरी टंकून दुरुस्त करता येत नाही. पत्रिकेतले नाव आणि तिथी कर्व्ह करण्याआधी यजमानांकडून वाचून घेण्याचा आग्रह सूनबाई धरतात तो यासाठी, आणि यजमान तेवढ्याच घाईत "बरोबर आहे, छापा" म्हणतात.

असाच एक आग्रह त्यांचा स्वस्तिकाबद्दलचा. कपड्यावर उष्णतेने चित्र उतरवताना ते आधी आरशासारखे उलटे छापावे लागते. उलटायचे राहिले किंवा दोनदा उलटले गेले, की अक्षरे वाचता येत नाहीत म्हणून ती चूक लगेच सापडते. नुसते स्वस्तिक असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि शोभायात्रेतले शंभर सदरे उलट्या दिशेचे स्वस्तिक मिरवत चालू लागतात. १९७५ च्या सुमारास, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षी, सर्व पंथांनी मिळून स्वीकारलेल्या प्रतीकाचेही असेच हाल होतात. ते फोनवर आलेल्या धूसर चित्रावरून ट्रेस केलेले असते, हाताच्या तळव्यातले चक्र नुसता ठिपका होऊन बसते, आणि तीच फाईल पुढच्या वर्षी आणखी कोणीतरी ट्रेस करते. गंजाची नक्कल, नकलेची नक्कल. एकदा कोणी शांतपणे बसून ते नीट काढले, आणि गावातल्या सर्व छापखान्यांना फाईल दिली, तर काम संपते. पण हे कोणाचेच काम नसल्याने राहून जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शन करून आल्यावर अण्णांनी स्वतः फोन लावला. बोलणे फार थोडे झाले. "तुझ्याकडचा पत्रा आहे का रे अजून?" एवढे सर्वांनी ऐकले. दुपारी तात्या स्वतः आले, आणि त्यांनी पत्रा गोणपाटात गुंडाळून आणला होता. चहा झाला. व्याह्यांची, पावसाची, गुळाच्या भावाची चौकशी झाली. मग दोन्ही पत्रे जेवणाच्या टेबलावर एकावर एक ठेवण्यात आले आणि खिडकीच्या उजेडात धरले गेले. डावे पोट जुळले. नारळाचा झोक जुळला. उजवीकडचे पान तात्यांच्या पत्र्यात पूर्ण होते, टोकाशी किंचित वर वळलेले. अण्णांनी त्या टोकावरून बोट फिरवले, काही बोलले नाहीत.

सूनबाईंनी तेथेच दुसरा पत्रा स्कॅन करून पानाचे टोक बसवले. एक बिंदू, दोन हँडल. तात्या पडद्याजवळ खुर्ची ओढून बसले होते. कलशाच्या गळ्यापाशी त्यांच्या पत्र्यात एक जाडसर गोळा होता. पट्टी तुटल्यावर कधीतरी त्यांनी तेथे डाग देऊन घेतला होता. त्यांची पोती गेली वीस वर्षे त्या गोळ्यासकट बाजारात जात होती. पडद्यावर तो कोठे दिसेना, म्हणून त्यांनी विचारले. सूनबाईंना अवघडल्यासारखे झाले. त्यांच्या ठोकताळ्यात तो एकाच साक्षीतला होता. "हवा असेल तर तुमच्या फाईलमध्ये ठेवते, तात्या," त्या म्हणाल्या.

तात्यांनी पत्रा उचलून तो गोळा अंगठ्याने चाचपला. "नको. गिऱ्हाइकाला सवय झाली आहे त्याची, दोन महिने विचारतील. पण नको." मग थोडे थांबून, "तुमच्याकडचे पान मात्र आखूडच पाहत आलो इतकी वर्षे. मला वाटायचे, दादाने मुद्दाम वेगळे केले असेल."

अण्णा म्हणाले, "गंजले रे ते."

फाईल पूर्ण झाली तेव्हा कलशात चौसष्ट नोड होते. कलश, पाने आणि नारळ एका लेयरवर. त्याखाली दोन वेगळ्या लेयरवर दोन पेढ्यांची नावे, एक हळदीची, एक गुळाची, जी हवी ती उघडावी व दुसरी झाकावी. तात्यांच्या नातवाने ती पेन ड्राइव्हवर नेली. पाकिटांच्या कारखान्याला पाठवण्यापूर्वी सूनबाईंनी रेडियमवाल्याकडे एक नमुना कापून पाहिला. पाते गळ्यापासून बैठकीपर्यंत एका दमात उतरले, आणि या वेळी त्याने पैसे घेतले.